मुलगी बरोबर असताना

रविवार, ४ मे

आज मला दारू दिली नाही. मला! सत्तेचाळीस वर्षांची बाई, निम्मे केस पांढरे, या भागातल्या अर्ध्याअधिक लोकांच्या तोंडात हात घालून आलेली.

झालं असं, की मिठूला घेऊन मोठ्या दुकानात महिन्याचं सामान आणायला गेले होते. मिठू म्हणजे आमची लेक. लहानपणी ऐकलेलं सगळं जसंच्या तसं बोलून दाखवायची, तेव्हापासून मिठू. आता सतराची आहे, उंचीनं माझ्यापेक्षा चार बोटं जास्त. ट्रॉलीत ब्रेड, अंडी, साबण, फरशी पुसायचं औषध आणि टॉवेलांच्या आड दोन बाटल्या वाइन. टॉवेलांच्या आड कशाला, हे मलाच विचारू नये.

गल्ल्यावर साखळीचा चष्मा लावलेली एक जाडसर बाई. एकेक वस्तू यंत्रासमोर धरून पुढे सरकवत होती. बाटल्या आल्या तशा उचलून आपल्या बाजूला ठेवल्या. "ताई, या देता येणार नाहीत."

"का?"

"बरोबर अठराच्या आतलं कोणी असलं तर आम्ही देत नाही."

"अहो, ती माझी मुलगी आहे."

"हो ना. म्हणूनच."

मागे एक बाप उभा होता, कडेवर तीन-चार वर्षांचं पोर आणि हातात बियरचा खोका. त्याला दिली! मी बोट दाखवलं. मग मॅनेजर आला, कालपरवा मिसरूड फुटलेला. म्हणाला, मॅडम, एवढं लहान मूल पिणार नाही हे उघड आहे. मोठ्या मुलांचं सांगता येत नाही, कदाचित आईबाप त्यांच्यासाठीच घेत असतील. म्हणजे पोर जितकं अजाण तितकी आईबापाला मोकळीक. मी सतरा वर्षं वाया घालवली.

मग मी एकामागून एक मूर्खपणा केला. आधी मिठूला म्हटलं, तू बाहेर जाऊन उभी राहा. गल्ल्यावरची म्हणाली, आता मी पाहिलंय ना. मग म्हटलं, घरी पाहुणे यायचेत. कोणी यायचं नव्हतं. नवरा जहाजावर इंजिनं सांभाळतो, वर्षातले आठ महिने पाण्यावर. आमच्याकडे पाहुणा म्हणून येतो तोच. शेवटी आवाज चढवून म्हटलं, "मी डॉक्टर आहे." रांगेतून कोणीतरी विचारलं, कसल्या? "दातांच्या." हे मीच बोलले. रांग हसली.

मिठू या सगळ्यात शांतपणे अंडी पिशवीत लावत होती. एकही फुटलं नाही.

सोमवार, ५ मे

दवाखान्यातून येताना एकटीच गेले. मिळाल्या. दुकानाचा नियम राहिला, माझी संध्याकाळ राहिली. बॅगेत प्लास्टरच्या जबड्यांशेजारी ठेवून आणल्या. रस्ताभर दातांवर काच वाजत होती.

शनिवार, १० मे

माझ्या लेकीला माझ्याबद्दल प्रेम वाटायला लागलंय. कारण माहीत नाही, पण मिळतंय ते घ्यावं.

आठवडाभर रोज संध्याकाळी दवाखाना बंद व्हायच्या वेळी पायरीवर येऊन बसते. "एकत्र जाऊ घरी." मग साबण संपलाय, टूथपेस्ट संपलीय, तिला वही हवीय, असं म्हणत प्रत्येक दुकानात माझ्याबरोबर आत येते. हातात हात घालते! चौदाव्या वर्षापासून रस्त्यात माझ्यापासून दहा पावलं लांब चालणारी मुलगी. शेजारीण जिन्यात म्हणाली, "नशीबवान आहात हो. आमची तर खोलीचं दार उघडत नाही." मी मान तिरकी करून हसले. वळण चांगलं लावलं तर मुलं अशी होतात, असा काहीसा चेहरा केला असावा.

एकच अडचण. ती बरोबर असली की दुकानातल्या दारूच्या कपाटाकडे बघायचीही सोय नाही. दुपारी जेवणाच्या सुट्टीत जाऊन यावं लागतं.

लिहिताना दिसतंय की "जाऊन यावं लागतं" असं लिहिलंय. जसं काही बँकेचं काम. संध्याकाळी दोन ग्लास, फार तर तीन. दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडात वाकून राहणाऱ्या बाईला तेवढी सवलत हवी.

बुधवार, १४ मे

कोपऱ्यावरचं छोटं दुकान. म्हातारे मालक टीव्हीवर मॅच बघत होते, त्यांना गिऱ्हाईक कोण आणि त्याच्याबरोबर कोण याचं काही घेणंदेणं नव्हतं. बाटली कागदात गुंडाळायलाही घेतली होती. मागून मिठूचा स्वच्छ आवाज, "काका, मी सतराची आहे."

त्यांनी नाइलाजानं टीव्हीवरून नजर काढली. "मग नाही जमायचं बाई. मागे दंड झालाय मला."

बाहेर आल्यावर विचारलं, "तुला कुणी विचारलं होतं का?"

"तूच सांगतेस ना, खरं बोलायचं."

हो, मीच सांगते. मुलीला चांगल्या सवयी लावल्याची फळं हातात घेऊन घरी आले. हात रिकामे होते.

शुक्रवार, १६ मे

घरपोच मागवली. दार मिठूनं उघडलं. तो माणूस तिच्याकडे बघून बाटलीसकट परत गेला.

मंगळवार, २० मे

आज लिहू नये असं वाटतंय. लिहिते.

सकाळी पहिले पेशंट ते बँडमधले आजोबा. उभं आयुष्य ट्रम्पेट वाजवलं, अजून वाजवतात. मागच्या दाढेत सिमेंट भरायचं होतं, रोजचंच काम. ड्रिल घसरलं. खालच्या ओठाला आतून कापलं. फार खोल नाही, एक टाका घातला. पण ओठ! त्यांचा ओठ म्हणजे माझी बोटं. ते तोंडात कापूस घेऊन म्हणाले, "होतं असं कधीकधी, बाई. दोन आठवडे बँडला सुट्टी." आणि माझ्या खांद्यावर थोपटलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

दुपारी मावशी हत्यारं उकळत होती. मावशी माझी मदतनीस. वयानं माझ्याहून लहान, पण सगळा दवाखाना मावशी म्हणतो म्हणून मीही. पाठमोरीच म्हणाली, "उद्यापासून नऊच्या वेळा देत नाही मी कुणाला. अकरानंतरच्या देते."

"मला न विचारता?"

"सकाळी हात थरथरतो तुमचा. पेशंटला कळत नाही, मास्कमुळे वासही कळत नाही. मला कळतो."

मी तिला म्हटलं, तू आपल्या कामाशी काम ठेव. हत्यारं स्वच्छ करण्याचा पगार मिळतो तुला. अगदी हेच शब्द. तिनं वाफ बंद केली, चिमटे मोजून ट्रेमध्ये ठेवले.

हात थरथरतो तो झोप कमी होते म्हणून. वय झालं. चष्म्याचा नंबरही बदललाय. उद्या चष्मेवाल्याकडे जाते.

बुधवार, २१ मे

चष्म्याचा नंबर तोच आहे.

शनिवार, २४ मे

मिठूला त्या लांबच्या कॉलेजात जागा मिळालीय. भूगर्भशास्त्र. सहावीत असल्यापासून खिशात दगड घेऊन हिंडते. धुण्याच्या मशीनचा एक पंप तिच्यापायी बदललाय. पत्र आलं तेव्हा मी दवाखान्यातल्या सगळ्यांना पेढ्यासारखं वाटलं ते पत्र.

आज जेवताना म्हणाली, "मी नाही जाणार. इथल्याच कॉलेजात घेते काहीतरी."

"काहीतरी म्हणजे?"

"कॉमर्स वगैरे."

कॉमर्स! दगडांना काय तोंड दाखवणार ही? कारण विचारलं तर म्हणे, घर सोडून करमायचं नाही. मी समजावलं, चिडले, मग उठून तिला जवळ घेतलं. खरं सांगायचं तर आतून सुखावले होते. आईवाचून करमत नाही म्हणते पोरगी. या आनंदात एक ग्लास जास्त झाला.

नकार अजून कळवलेला नाही. मुदत या महिन्याची नाही, पुढच्या महिन्याची अखेर आहे. तोपर्यंत मन वळवीन. किंवा नाही वळवणार.

शुक्रवार, ३० मे

मिठू आज मैत्रिणीकडे. मोठ्या दुकानात एकटीच गेले. गल्ल्यावर तीच साखळीच्या चष्म्याची बाई. बाटल्या ठेवल्या तर म्हणाली, "आज मुलगी नाही बरोबर?"

मला चेव आला. म्हटलं, नाही, आज तुमच्या नियमात बसते ना मी?

"बसता." तिनं बाटल्या यंत्रासमोर धरल्या. मग थांबली. मागे कोणी नव्हतं. "ताई, एक सांगू का? सांगावं की नाही, महिनाभर विचार करतेय. तुमची मुलगी आधी एकटी आली होती इथं. त्या रविवारच्या दोन दिवस आधी. मला विचारलं, आईबरोबर मी असले तर तुम्ही तिला दारू देणार नाही ना? मी म्हटलं, अठराच्या आतली असशील तर नाही देत. तर म्हणाली, नक्की ना? म्हटलं, नक्की. मग वहीत तुमच्या दवाखान्याजवळची सगळी दुकानं काढून मला विचारत बसली, या लोकांचाही हाच नियम आहे का."

मी म्हटलं, "किती झाले?"

तिनं पावती दिली. "तुम्ही एकट्या असताना मला नाही म्हणायचा हक्क नाही," म्हणाली. बाटल्या पिशवीत घालताना माझ्याकडे बघितलं नाही.

आणि मी काय केलं? घेतल्या. ऐकून, समजून, पिशवीचा बंद नीट धरून घरी आणल्या. यातली एक आता रिकामी आहे.

शनिवार, ३१ मे

सकाळी मिठू आली. मी स्वयंपाकघरात तयार बसले होते, न्यायाधीशासारखी. डोकं ठणकत होतं, ही न्यायाधीशाची अडचण.

"हातात हात घालून हिंडत होतीस ते पहारा द्यायला?"

तिनं चप्पल काढली, जागेवर ठेवली. "कुणी सांगितलं?"

"ते महत्त्वाचं नाही."

"हो. पहारा द्यायला." मग जरा थांबून, "हात घालायला आवडतही होतं."

मी खूप बोलले. आईला चोर ठरवलंस, चार दुकानांत माझी शोभा केलीस, वकिलासारखं नियम काढत बसलीस. ती ऐकून घेत होती, ओट्याला टेकून. माझा दारूगोळा संपल्यावर म्हणाली, "मला दुसरं काही सुचलं नाही गं. बाटल्या ओतल्या तर तू नवीन आणतेस. बोलले तर तू हसण्यावारी नेतेस. हा एकच नियम सापडला की ज्याच्यात मी नुसती उभी राहिले तरी काम होतं."

मी हसण्यावारी नेते. खरंय. या रोजनिशीतसुद्धा दुसरं काय चाललंय?

"बाबांना सांगितलंस?"

"नाही," म्हणाली. लगेच.

"आणि बारा जूनला अठराची होशील. मग काय करणार होतीस?"

तेव्हा तिचा चेहरा पडला. इतका वेळ धीट होती. "तेच कळत नव्हतं. म्हटलं, निदान घरी तरी राहीन. म्हणून कॉमर्स."

म्हणजे करमत नाही म्हणून नव्हतं ते. मी मात्र सुखावून एक ग्लास जास्त घेतला होता त्या दिवशी. असा मूर्ख माणूस मी दुसरा पाहिलेला नाही आणि तो रोज सकाळी आरशात दात घासताना दिसतो.

उरलेली बाटली तिच्यासमोर मोरीत ओतली. ती म्हणाली, "ही नवीन आणशील." चिडून नव्हे. पाऊस येईल असं म्हणावं तसं.

सोमवार, २ जून

मावशीची माफी मागितली. ती म्हणाली, "बरं." मग, "अकराच्याच वेळा ठेवते सध्या." म्हटलं, ठेव.

बुधवार, ४ जून

डॉक्टरकडे गेले. शहराच्या दुसऱ्या टोकाचा शोधला, ओळखीचं कोणी भेटायला नको म्हणून. दार उघडलं तर डॉक्टरच्या खुर्चीत माझाच जुना पेशंट! दोन अक्कलदाढा मी काढल्यात त्याच्या. भूल देताना डोळे मिटून माझा हात धरला होता त्यानं.

विचारलं, रोज किती घेता? मी म्हटलं, दोन ग्लास. त्यानं लिहून घेतलं आणि पेन वर धरून विचारलं, "तुमचे पेशंट रोज किती वेळा दात घासतो म्हणतात?"

"दोनदा."

"तुम्ही किती धरता?"

"एकदा. तेही पुसटसं."

पेन तसंच वर होतं. मी म्हटलं, बाटली. रोज एक. शनिवार-रविवारी जास्त. हे वाक्य तोंडातून काढायला दाढ काढण्याहून जास्त जोर लागला, आणि भूल नव्हती.

एकदम बंद करायचं नाही म्हणे, त्यानं त्रास होतो. गोळ्या दिल्यात, कमी कसं करायचं ते सांगितलंय, दर दोन दिवसांनी भेटायचंय. बाहेर सोडायला आला. "घरी कोण आहे बरोबर?"

"मुलगी," म्हटलं. आणि पायऱ्या उतरताना हे उत्तर मला आवडलं नाही.

शुक्रवार, ६ जून

घाम. रात्रभर चादर ओली. मिठू दर तासाला दारातून डोकावते आणि पाणी प्यायला उठल्याचं नाटक करते. एवढं पाणी उंट पीत नाही.

रविवार, ८ जून

जास्त प्यायले. सांगितलं होतं त्याच्या तिप्पट. एवढंच.

सोमवार, ९ जून

डॉक्टरला सांगितलं. वाटलं, हाकलेल. म्हणाला, "मग? आजचं काय?" आजचं ठीक आहे म्हटलं. खरंच ठीक होतं.

गुरुवार, १२ जून

मिठू अठरा वर्षांची झाली. केक आणला, मावशी आली, शेजारीण आली. मैत्रिणींनी छत फाटेल एवढा गोंगाट केला.

त्या गेल्यावर आम्ही दोघी चालायला बाहेर पडलो. मोठ्या दुकानासमोरून जाताना ती म्हणाली, "आता मी बरोबर असले तरी देतील तुला."

"हो."

"आत जायचंय?"

ही परीक्षा नव्हती. तिला खरंच माहीत नव्हतं मी काय म्हणेन. मलाही नव्हतं. काचेतून ते कपाट दिसतं, दिवे लावून ठेवलेलं. मी म्हटलं, जायचंय. पण जाऊ देऊ नको. ती म्हणाली, "म्हणजे?" म्हटलं, म्हणजे दोन्ही. दंड धरून मला पुढे ओढत नेलं तिनं, पोलिसासारखं. सगळ्या रस्त्यानं हसत होतो, आणि कोपऱ्यावर पोचल्यावर बाकावर बसलो.

कॉलेजचं विचारलं. म्हणाली, "आता तर मुळीच नाही जाणार. आता कुठे जरा जमायला लागलंय."

रविवार, १५ जून

बंदरात लागलं जहाज. नवऱ्याचा फोन आला तेव्हा मिठू आंघोळीला गेली होती. मी ठरवलंच होतं, सगळं सांगून टाकलं. पिणं, डॉक्टर, आजोबांचा ओठ. पोरगी दुकानादुकानांतून माझ्यामागे कशी फिरत होती ते.

तो म्हणाला, "तिनं सांगितलं होतं मला. मागच्या वर्षीच. मी इतक्या लांबून काय करणार? तिलाच म्हटलं, तू आहेस ना तिथे. आईला एकटं सोडू नकोस. आणि मला सांगितल्याचं तिला कळू देऊ नकोस."

मी भांडले नाही. भांडायला पुढे वेळ आहे. फोन ठेवून मिठूच्या खोलीत गेले, कपाटावरची मोठी बॅग खाली काढली आणि तिचे कपडे भरायला बसले. ती केस पुसत दारात आली. "काय करतेस?"

"बाबांशी बोलले. आम्ही दोघांनी मिळून तुला कामाला लावलं होतं. ते काम संपलं. तिकडे थंडी फार असते म्हणतात, तो जाड स्वेटर नेशील ना?"

ती तिथेच खाली बसली आणि रडायला लागली. लहानपणी रडायची तशी, तोंड सताड उघडं टाकून. मी तिला धरून बसले.

तिच्या खालच्या डाव्या दाढेला कीड दिसली. बरीच जुनी.